राणी उडत नाही

६ जानेवारी २०२५, कवडीटोला

पोचले! मिरजेला बसले ती गाडी बदलायची भानगडच नाही, थेट शेवटच्या स्टेशनावर गोंदियात उतरले. बाबा म्हणत होते, एकाच गाडीनं जाता येतं म्हणजे गाव जवळच समज. अंग नुसतं आंबून गेलंय, पण मन मजेत आहे.

लीलाधर सर स्वतः घ्यायला आले होते. मी सतरंजीच्या घडीसारखी चुरगळलेली, आणि ते इस्त्रीच्या शर्टात. पहिलं वाक्य काय, तर आधी खाऊन घेऊ. स्टेशनाबाहेर तर्री घातलेले पोहे खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं, आणि सर हसत म्हणाले की इथे टिकायची पहिली परीक्षा तू पास झालीस.

आमगावच्या रस्त्याला लागल्यावर दोन्हीकडे धान कापलेल्या बांध्या (आपली भातखाचरं) आणि त्यांत लाखोळीच्या कडधान्याचं हिरवं. मध्येच एखादी बोडी, म्हणजे इथलं छोटं तळं. सरांचं घर साधं, नवं, दुमजली. खाली संस्थेचं ऑफिस आणि त्यांचं बिऱ्हाड, वर माझी खोली. खिडकीतून गावचा मोठा तलाव दिसतो. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आता पाच-सहा वर्षं सारस क्रौंचांच्या अभ्यासाचा हा प्रकल्प चालवतात. मूलबाळ नाही. सरांच्या पत्नी शामकला काकूंनी मला दारातच थांबवून तांदूळ ओवाळून टाकले. मी म्हटलं, काकू, मी नोकरीला आलेय, सून म्हणून नाही. त्या म्हणाल्या, “लेक आली म्हणतो ना जी मी.”

संध्याकाळी सरांनी बाबांना फोन लावला आणि दहा मिनिटं बोलले. नंतर बाबा मला म्हणाले, देवमाणूस आहे, त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस.

काकूंनी एक खाकी पिशवी भेट दिली. शेतातून हिंडायला, पाठीवर टाकायची. जुनी आहे, पण धुऊन, नवं अस्तर लावून दिलीय. वरच्या झडपेवर काळी सौरपट्टी शिवलीय, टॉर्च चार्ज व्हावा म्हणून. नव्या अस्तरालासुद्धा किंचित गाळाचा वास येतो. येऊ दे. तलावाच्या काठी राहायचं तर त्याचीही सवय करायलाच हवी.

९ जानेवारी

काम आवडतंय. सकाळी पिशवी आणि दुर्बीण घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, चालायचं, सारस कुठे दिसले ते टिपायचं. सोबत रेवाराम असतो, तलावात डोंगा चालवणारा, चाळिशीतला, फार कमी बोलणारा. दुपारी ऑफिसात बसून आलेख काढायचे.

दोन सारसांच्या पायांत उपग्रहाशी बोलणारे टॅग बसवलेत. जोडपं आहे, नावं राजा आणि राणी. टॅग दर थोड्या वेळानं तीन गोष्टी कळवतो: पक्षी कुठे आहे, किती हलतोय आणि तिथलं तापमान किती.

मला वाटायचं की मला प्लॉटिंग सॉफ्टवेअर येतं. कॉलेजात आम्ही त्यात फक्त रेघा ओढल्या. सरांनी आज त्याच सॉफ्टवेअरमध्ये थरावर थर रचून दाखवले. तळाशी गावाचा नकाशा, त्यावर पाणी निळं, त्यावर राजाची वाट हिरवी, राणीची लाल. मग घनतारेषा काढल्या. पक्षी जिथे जास्त रमतो तिथे रेषांचे वेढे दाट होतात, डोंगराच्या नकाशासारखे. शेवटी सगळं कालक्रमानं चालवून दाखवलं. हिरवा ठिपका बांधीतून उठला आणि तलाव सरळ ओलांडून गेला. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

एम.एस्सी.च्या दोन वर्षांत कुणी मला असं शेजारी बसवून शिकवलं नाही. चुकले तर सर माउस हातातून काढून घेत नाहीत. थांबतात, आणि मला सापडेपर्यंत चष्मा पुसत बसतात.

१५ जानेवारी

आज झाकण्याचा धडा. टॅगकडून काही बिंदू वेडेवाकडे येतात. नवखा माणूस ते मिटवून टाकतो. सर म्हणाले, “मिटवायचं कधीच नाही बेटा. झाकून ठेवजो. झाकलेला बिंदू तक्त्यात राहते, आलेखात दिसत नाही. कुणी विचारलं तर आपण प्रामाणिक.” मला हे फार पटलं.

राणीचे असे बिंदू खूप येतात. आमच्याच घरावर, वस्तीवर. पत्र्याच्या छतांमुळे सिग्नल फसतो म्हणे. त्यासाठी सरांनी एक साचा बनवलाय. राणीची माहिती त्यातून गेली की नको ते बिंदू आपोआप झाकले जातात, वाट गुळगुळीत होते आणि सर्व्हरच्या घड्याळातली चूकही दुरुस्त होते. मी फक्त साचा लावायचा आणि चित्र पाहायचं.

एक गंमत. सकाळी मी जिथे हिंडते, तिथेच संध्याकाळी राणी जाऊन आलेली दिसते. सोमवारी मी पूर्वेकडच्या बांध्यांत होते, आणि लाल रेघही तिथेच. मी सरांना म्हटलं, बाई माझ्या मागावर आहेत. सर खूप हसले. म्हणाले, तिला तुझा लळा लागलाय.

मला ती अजून दिसलेली नाही.

२२ जानेवारी

आज राजा अगदी जवळून पाहिला. माझ्या खांद्याएवढा उंच, लाल मान, पायात टॅग. एकटाच होता. चोच आभाळाकडे करून ओरडायचा, मग थांबायचा. सारसाच्या जोडीत एकाच्या हाकेत दुसऱ्याची हाक मिसळलेली असते. हा हाक मारून दुसरी हाक यायची जागा रिकामी सोडत होता. मला ते बघवेना.

मी रेवारामला विचारलं, याची राणी कुठे? तो धुऱ्यावरची माती पायानं उकरत राहिला. म्हणाला, “सरले विचारा जी.”

सर म्हणाले, कधीकधी जोडी तुटते. निसर्ग आपल्या पोथ्या वाचत नाही.

जेवताना काकूंना विचारलं, माझ्याआधी इथे कोण होतं? खुशबू नावाची मुलगी, सालेकशाकडची, हुशार. हैदराबादला मोठी नोकरी लागली म्हणून गेली. सांगताना काकूंनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. एवढी जीव लावलेली पोरगी साधा फोनसुद्धा करत नाही, म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले. मी ठरवलं, मी अशी वागणार नाही.

३० जानेवारी

वार्षिक अहवाल तोंडावर आलाय. पैसे देणारे लोक पुढच्या महिन्यात बघायला येणार.

मी या महिन्याच्या वेगाचा आलेख काढला. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर वेग. राजाच्या आलेखात उंच सुळके आहेत, उडाला की सुळका. राणीच्या आलेखात एकही नाही. सगळा वेग चालण्याचा. नकाशावरही तिची वाट कुठे पाणी ओलांडत नाही. धुऱ्यावरून जाते, वळसा घालते, रस्त्याला लागली की रस्त्यानंच जाते.

सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पंखाला इजा असावी म्हणाले, आणि हा आलेख अहवालात नको. मी म्हटलं, इजा असेल तर वनखात्याला कळवायला हवं ना? ते म्हणाले, आपण बघू.

टॉर्च आजही चार्ज झाला नाही. ती पट्टी बहुतेक बिघडली आहे.

७ फेब्रुवारी

कचारगडच्या यात्रेची माणसं रस्त्यानं जायला लागलीत. ट्रॅक्टर भरभरून, पिवळी निशाणं लावलेली. दुपारी त्यातलीच एक बाई आमच्या फाटकाशी आली. दुर्पताबाई. खुशबूची आई.

सर गोंदियाला गेले होते, काकू आत शिवणाच्या मशीनवर. बाई पायरीवर बसल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. विचारलं, “माही पोरगी इथंच होती ना जी?” मी सांगितलं, होती, पण आता हैदराबादला आहे. त्या म्हणाल्या, तेच तर. मेसेज येते, शेजारची पोरं वाचून दाखवतात. मी बरी आहो, काम खूप आहे. फोन लावला की कट करते. “आवाज नाई येत जी. दिवाळीपासून तिचा आवाज नाई आयकलो. तिले मेसेज लिवताच येत नव्हता असं नाई, पण मले वाचता येत नाई ना. तिले मालूम आहे. ते मले कायले मेसेज लिवल?”

त्यांनी तिचा फोटो दाखवला. मोठं कपाळ, हसरे दात, पाठीवर पिशवी.

खाकी पिशवी. वरच्या झडपेवर काळी पट्टी.

मी त्यांचा नंबर लिहून घेतला. एवढ्यात काकू बाहेर आल्या. पाणी, गूळ, चहा, सगळं केलं, बाईंना पोटाशी धरलं. पोरगी सुखात आहे, कायले फिकर करून राहिली, म्हणाल्या. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, गरीब माणसं, मनाला लावून घेतात.

एक पिशवी आधीच्या मुलीची असेल, तर त्यात काय एवढं. काकूंनीच सांगितलं होतं, जुनी आहे. मग मी का अस्वस्थ आहे?

८ फेब्रुवारी

सरांना खूश करायचं होतं. खरंच, एवढंच मनात होतं. राणीच्या पंखाला इजा केव्हा झाली ते शोधून द्यावं, म्हणजे अहवालाला वजन येईल. त्यासाठी साच्यात न घालता तिची मूळ माहिती थेट उघडली. साचा नाही, म्हणजे काही झाकलेलं नाही, काही गुळगुळीत केलेलं नाही, घड्याळही दुरुस्त नाही.

सुरुवातीला राणी उडते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात राजाबरोबर, दोन रेघा एकमेकींना चिकटून. मग जूनमध्ये विजेच्या तारांपाशी ती थांबते. काही दिवस एकाच जागी. तिथून लाल रेघ वस्तीत येते, रस्त्यानं, मोटारसायकलच्या वेगानं. आमच्या घरात.

त्यानंतर ती कधीच उडत नाही. रोज सकाळी घरातून निघते, बांध्या हिंडते, दुपारी ऑफिसात येते. रात्री घरात झोपते. वरच्या मजल्यावर.

पत्र्यांमुळे सिग्नल फसत नव्हता. आमचं छत सिमेंटचं आहे, हे मी इतके दिवस डोक्यावर बघतेय.

राणी मेली आहे. जूनमध्येच. तिचा टॅग एका माणसाच्या पाठीवर हिंडत होता, आणि त्याच्या वाटेला आम्ही सारस म्हणत होतो. राणी मेल्याचं कळलं असतं तर प्रकल्प बंद झाला असता. म्हणून खुशबूला पक्षी केलं.

पुढचं उद्या बघते.

९ फेब्रुवारी

बघितलं.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी लाल रेघ घरातून निघून गावामागच्या बोडीवर जाते. बेशरमाच्या झुडपांत. तिथे थांबते.

दुसरा अक्ष जोडला, हालचालीचा. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. त्याच्या दुसऱ्या दिवशी शून्य. तिसरा जोडला, तापमानाचा. आधी पाठीच्या उबेनं वर असलेली रेघ खाली येते आणि मग फक्त ऊन आणि गारठा, ऊन आणि गारठा. पाऊल नाही, कूस बदलणं नाही. नोव्हेंबर सगळा. डिसेंबरही.

हे सगळे बिंदू साच्यात झाकलेले होते. रोज मीच झाकत होते.

डिसेंबर संपताना रेघ हलते. बोडीतून घरी येते. काही दिवस खालच्या खोलीत राहते, जिथे काकूंचं मशीन आहे. मग सहा जानेवारीला संध्याकाळी वर जाते. सातला सकाळी बांध्यांत. पूर्वेकडे. मग तलावाच्या काठानं. मी जिथे जिथे गेले तिथे तिथे, आणि संध्याकाळी नाही, त्याच वेळी. घड्याळ दुरुस्त करत नव्हता तो साचा. वेळ पुढे ढकलत होता.

एकच रेघ आहे. राणी, खुशबू, मी.

आणि माहिती थेट जोडलेली असल्यामुळे आलेख आपोआप ताजा होतो. मी बघत असतानाच टोकाला एक नवा बिंदू आला. ऑफिसच्या खोलीत. पिशवी माझ्या खुर्चीला अडकवलेली होती.

ब्लेडनं झडप उसवली. सौरपट्टीच्या मागे, पक्ष्याच्या पायाला बसेल एवढं कडं. दोरा निळा. काकूंचा.

नाही, काकूंना माहीत नसेल. सरांनी शिवायला सांगितलं, त्यांनी शिवलं. त्यांना काय कळतंय टॅगमधलं? त्या मला लेक म्हणतात.

१० फेब्रुवारी

काकूंना सांगितलं.

सर बाहेर गेल्यावर, सकाळी, स्वयंपाकघरात. लॅपटॉप ओट्यावर ठेवून सगळं दाखवलं. त्यांनी कणीक मळणं थांबवलं नाही, पण हात हळूहळू मंद झाले. मग पिठाच्या हातांनीच मला जवळ घेतलं. रडल्या. मीही रडले. किती बरं वाटलं, कसं सांगू. म्हणाल्या, हे माझ्यावर सोड, मी त्यांना विचारते. तोवर कुणाला काही बोलू नकोस. मग डोळे पुसून विचारलं, “हे आणखी कुठं ठेवलं आहे का बेटा? की यातच आहे फक्त?”

यातच आहे, म्हटलं मी.

दुपारी झोपून उठले तर लॅपटॉप नाही. काकू म्हणाल्या, सर दुरुस्तीला गोंदियाला घेऊन गेले. मी म्हटलं, तो बिघडलेला नव्हता.

त्या म्हणाल्या, हव का? असं का?

११ फेब्रुवारी

लिहिताना दाराकडे लक्ष ठेवावं लागतंय.

सकाळी खाली गेले. काकू मशीनपाशी पाठमोऱ्या. चष्मा लावून फोनवर एकेक अक्षर शोधत होत्या. त्यांचा फोन काळा आहे. हा गुलाबी कव्हरचा. मी दारात उभी. त्यांनी लिहिलेलं वाचता आलं. आई मी बरी आहे काम खूप—

वळल्या. दचकल्या नाहीत. फोन ब्लाऊजमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, चहा ठेवू का?

माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ताप आहे तुला, म्हणाल्या. कालपासून काहीतरी बरळतेस. मला ताप नाही.

वर जाऊन सरांना विचारलं— नाही, सर स्वतःच आले. दारात उभे राहिले, चष्मा पुसत. रागावले नाहीत. म्हणाले, खुशबूलाही मी सगळं मनापासून शिकवलं होतं. ती शिकली आणि मलाच आलेख दाखवायला लागली. मग म्हणाले, एका पक्ष्यासाठी पूर्ण तलाव वाचतोय, हे तुम्हा मुलींना काऊन समजत नाही? मी विचारलं, ती कुठे आहे? ते म्हणाले, तू आराम कर.

बाहेरून कडी नाही लावली. लावायची गरज नाही त्यांना. मी कुठे आहे ते त्यांना दिसतंच.

दुपारी मागच्या आवारात रेवाराम. खिडकीतून खूण केली. जिन्यापाशी आला. विचारलं, ती पिशवी कुणी आणली? तो मागे वळून घराकडे बघत म्हणाला, “मी आणली जी. सर म्हणले, सिग्नल येऊन राहिला, काढून आण. मी फक्त पिशवी आणलो. बाकी मी नाई पायलो.” परत तेच. बाकी मी नाई पायलो. मी विचारलंच नव्हतं, बाकी म्हणजे काय.

उद्या पहाटे नेतो म्हणाला. आमगाव, गोंदिया नको, स्टेशनावर सरांची ओळख आहे. कोहमाऱ्याला हायवेवर सोडतो. तिथून नागपूरच्या गाड्या मिळतात.

टॅग काढून उशीखाली ठेवणार. नकाशावर मी झोपलेली दिसेन.

१२ फेब्रुवारी, कोहमारा

पोचले. ढाब्यावर आहे, बाजेवर बसून लिहितेय. ऊन आलंय. ट्रक, चहा, माणसं. रेवाराम सोडून लगेच परत गेला. मला थांबायला सांगू नका म्हणाला, पोरंबाळं आहेत.

सकाळभर एकही गाडी थांबली नाही. यात्रेची गर्दी, सगळ्या भरलेल्या. ढाब्याच्या बाई चांगल्या आहेत, पैसे न घेता चहा दिला.

दुर्पताबाईंना फोन लावला. लागत नाही. कचारगडला असतील, डोंगरात.

बाबांना लावला. सगळं सांगितलं. एका दमात. पिशवी, बोडी, गुलाबी फोन, सगळं. बाबांनी विचारलं, आत्ता नेमकी कुठे आहेस? सांगितलं. ढाब्याचं नावही.

जरा जिवात जीव आला आहे.

बाबांचा फोन परत आला. आवाज मऊ. लहानपणी ताप आल्यावर बोलायचे तसा. म्हणाले, सरांशी बोललो बाळा. कालच त्यांनी कळवलं होतं, तुझं डोकं ठिकाणावर नाही, झोप नाही, काहीबाही दिसतंय तुला. बिचारे सकाळपासून शोधतायत. मी सांगितलं त्यांना. घ्यायला येतायत. हलू नकोस तिथून, माझी शपथ—

मी ओरडले. बाबा म्हणाले, हेच बघ, हेच ते म्हणत होते.

गाडी. पांढरी. त्यांचीच. वळतेय.

मागे पळायला शेत आहे, उघडं. कुठे—

ढाब्याच्या बाईंना म्हटलं, मला लपवा. त्या बघत राहिल्या. काकू उतरल्या. हाक मारतायत, चेतना, माझी लेक. रडतायत. खरंच रडतायत. सगळे उठून उभे राहिले. ट्रकवाले हळहळतायत. कुणीतरी म्हणालं, पागल आहे वाटते, बिचारी. ढाब्याच्या बाई माझा हात धरून— सोडत नाहीत— जा बेटा म्हणतायत, आई आली तुझी—

वही या बाजेच्या पट्ट्यांत खुपसतेय. ज्याला मिळेल त्यानं दुर्पताबाईंना, सालेकशाकडच्या, सांगा— गावामागची बोडी, बेशरमाच्या झुडपांत, उत्तरेच्या बाजूला— तिला तिथून का—